सैल कुऱ्हाड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कुऱ्हाड आपल्या बोलण्यात जितकी उरली आहे, तितकी आता आपल्या घरात उरलेली नाही. नोकरी गेली की कुऱ्हाड कोसळते. कधी आपण आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतो. घरचाच माणूस उलटला, की कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ झाला असं म्हणतो. पण खरी कुऱ्हाड शेवटची हातात कधी धरली होती, असं विचारलं तर शहरातल्या बहुतेकांना आठवावं लागेल. मी पनवेलच्या खांदा कॉलनीत राहतो. आमच्या सोसायटीत चोवीस घरं आहेत आणि कुऱ्हाड एकच आहे. ती माझ्याकडे आहे.

आज मी तिच्याबद्दलच बोलणार आहे. तिचं पातं दांड्यावर सैल झालं होतं. ते नीट कसं बसवायचं, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी शिकावं लागलं. ते आधी का शिकलो नाही, हे सांगताना थोडी लाज वाटते, पण तेही सांगणार आहे.

ही कुऱ्हाड माझ्या वडिलांची. माणगाव तालुक्यातल्या आमच्या गावी ती पडवीत, दाराच्या मागे उभी असायची. वडील गेले, घराची वाटणी झाली, भांडीकुंडी भावांकडे गेली आणि का कोण जाणे, कुऱ्हाड मी मागून घेतली. खांदा कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कुऱ्हाडीचं काय काम? ती बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली. तिथे ती वीसेक वर्षं राहिली असेल. बाल्कनीला पश्चिमेचं ऊन. पावसाळ्यात ओलं, उन्हाळ्यात कडक.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. टाळेबंदीचे दिवस होते, सगळे घरातच होतो. दुपारनंतर वारा असा काही सुटला, की खिडकीच्या काचा हाताने धरून बसलो. सोसायटीच्या फाटकाजवळचा गुलमोहर मुळासकट आडवा झाला आणि फाटकच बंद झालं. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. वादळात पहिला तोच पडतो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना एक दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागायचं. महापालिकेची माणसं गावभर पडलेली झाडं उचलण्यात गुंतलेली. रात्री कोणीतरी म्हणालं, ‘काका, तुमच्याकडे कुऱ्हाड आहे ना?’

मी बाल्कनीतून कुऱ्हाड काढली आणि हलवून पाहिली. खडखड वाजली. पातं दांड्यावर पुढेमागे हलत होतं.

श्रोतेहो, तळोज्याच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं मेंटेनन्स खात्यात काढली आहेत. सैल नट दिसला की हात आपोआप पान्याकडे जायचा. पण ते लोखंडातलं लोखंड होतं. इथे लोखंडात लाकूड होतं, आणि त्याबद्दल मला कोणी काही शिकवलं नव्हतं. लहानपणी पाहिलेलं एवढंच आठवत होतं, की गावात सैल कुऱ्हाड ओढ्यात बुडवून ठेवायचे. मी ती बादलीत बुडवली. सकाळी पातं असं घट्ट बसलं होतं, की मलाच आश्चर्य वाटलं. वर खात्री म्हणून दोन खिळे ठोकले. दिवसभर आळीपाळीने आम्ही फांद्या तोडल्या, संध्याकाळी फाटक उघडलं, आजींची गाडी बाहेर गेली. मी त्या दिवसापुरता सोसायटीतला मोठा माणूस झालो. गुलमोहराचे ओंडके पंपरूमच्या मागे रचून ठेवले.

आता दोष इथून सुरू होतो. 2021 च्या उन्हाळ्यात बाल्कनी झाडताना कुऱ्हाडीला धक्का लागला आणि तीच खडखड पुन्हा ऐकू आली. मी आणखी एक खिळा मारला. पाऊस आला, खडखड थांबली. मला वाटलं, दुरुस्त झाली.

2022 सालची होळी दोन वर्षांच्या खंडानंतर मोकळेपणाने व्हायची होती. मुलांना उत्साह. झाड तोडायचं नाही, पंपरूममागचे वाळलेले ओंडके फोडून वापरायचे, असं ठरलं. तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनीअरिंगला असलेला मुलगा कुऱ्हाड मागायला आला. देण्याआधी मी ती हलवली. थोडी हलत होती. मी मोरीत नेऊन तिच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि त्याच्या हातात दिली. म्हटलं, ‘चार ओंडके तर फोडायचेत.’

पाचव्या की सहाव्या घावाला पातं दांड्यावरून सुटलं. ते पंपरूमच्या भिंतीवर आपटलं आणि गिलाव्याचा तळहाताएवढा टवका उडाला. त्या भिंतीलगतच्या पायरीवर आमच्या वॉचमनची सहा वर्षांची मुलगी बसली होती. टवका उडाला ती जागा आणि तिचं डोकं यांत दोन हातांचं अंतर होतं. ती रडलीसुद्धा नाही. सिमेंटचे कण केसांत घेऊन नुसती बघत राहिली.

सगळे त्या मुलावर तुटून पडले. ‘धरता येत नाही तर हातात घ्यायची कशाला?’ तो पांढराफटक पडला होता, हातात नुसता दांडा. मी तिथेच उभा होतो. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर सांगावं लागलं असतं, की ती सैल आहे हे मला माहीत होतं.

चार दिवसांनी मी पातं आणि दांडा पिशवीत घालून सकाळी नाक्यावर गेलो. तिथे रोज कामाच्या शोधात माणसं उभी असतात. रंगारी, गवंडी, बिगारी. त्यांत एक वयस्क सुतार मिस्त्री असतात, नेऱ्याच्या बाजूने येतात. त्यांनी दांड्याचं टोक पाहिलं, तीन खिळ्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘काका, पाण्यात किती वेळा घातली होती?’

मी म्हटलं, ‘दोनदा.’

ते म्हणाले, ‘लोखंडाला पाणी लोहारानं द्यायचं. दांड्याला पाणी आपण द्यायचं नाही.’

धार टिकावी म्हणून लोहार तापलेलं पातं विझवतो, त्याला आपण पाणी देणं म्हणतो, हे मला ठाऊक होतं. पण दांड्याचं काय बिघडतं, हे त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा कळलं. ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

लाकूड दमट हवेत पाणी शोषतं आणि कोरड्या हवेत सोडतं. पाणी शोषलं की ते फुगतं, पण लांबीत जवळजवळ नाही, जाडीत. कुऱ्हाडीच्या पात्याला सुईसारखं नेढं असतं आणि दांड्याचं टोक त्या नेढ्यात बसवलेलं असतं. आमच्या गच्चीवरून पूर्वेला डोंगरांची रांग दिसते; त्या बाजूच्या इर्शाळगडाला आरपार भोक आहे, त्यालाही लोक नेढंच म्हणतात. तर नेढ्यातलं लाकूड पाण्याने फुगू लागलं, तरी भोवतीचं लोखंड त्याला जागा देत नाही. लाकूड जोर लावतं, लोखंड हटत नाही. शेवटी लाकडाचे तंतूच आतल्या आत चेंगरतात. तेवढा वेळ पातं घट्ट बसलेलं वाटतं. पण लाकूड वाळलं, की चेंगरलेले तंतू पहिल्यासारखे होत नाहीत. आता ते मूळच्यापेक्षाही बारीक झालेलं असतं. म्हणजे प्रत्येक वेळी पाण्यात घातलेली कुऱ्हाड पुढच्या उन्हाळ्यात आधीपेक्षा जास्त सैल होते. पाण्याने आलेला घट्टपणा उसना असतो, आणि तो आपण व्याजासकट फेडतो.

खिळ्यांचं तसंच. खिळा लाकडाला फुगवत नाही, चिरतो. वर गंजतो, आणि गंजलेल्या खिळ्याभोवतीचं लाकूड भुसभुशीत होतं. माझ्या तीन खिळ्यांनी दांड्याचं टोक तीन ठिकाणी फुटलं होतं. मिस्त्री म्हणाले, ‘हा दांडा गेला. नवा करू.’

नवा दांडा करायला त्यांना दोन सकाळी लागल्या. सोसायटीच्या जिन्याखाली बसून त्यांनी काम केलं आणि मी शेजारी स्टूल टाकून बसलो. कारखान्यात नवा हेल्पर जसा बसायचा तसा.

पहिला प्रश्न लाकडाचा. साग दारा-खिडक्यांचा राजा, पण दांड्याला नको, कारण सततचे धक्के सोसायला तो कमी पडतो. आपल्याकडे दांड्यांना बाभूळ, धामण, धावडा, तिवस ही लाकडं वापरत आले आहेत. चिवट, लवचीक. धामणीच्या काठीला कावडीचा भार सोसतो, तो याच गुणामुळे. मिस्त्रींनी घरी दोन वर्षं वाळवत ठेवलेला बाभळीचा तुकडा आणला. ‘ओल्या लाकडाचा दांडा म्हणजे पुन्हा पाण्यात घातलेली कुऱ्हाडच,’ असं त्यांचं म्हणणं. तो तुकडा करवतीने चिरलेला नव्हता, फोडलेला होता. करवतीला लाकडाची रेषा कळत नाही, ती सरळ कापत जाते. फोडताना लाकूड आपल्या रेषेनेच उकलतं. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेली तर दांडा टिकतो. ती मध्येच तिरपी बाहेर पडली, तर एक दिवस तिथेच तो मोडतो.

दुसरं काम नेढं साफ करणं. जुनं लाकूड आत अडकलेलं होतं. मी सुचवलं, ‘जाळून काढू या, पटकन निघेल.’ ते माझ्याकडे बघत राहिले. पातं आगीत तापलं की धारेचं पाणी उतरतं, लोखंड मऊ पडतं. खिळे आणि लाकूड त्यांनी छिद्रं पाडून, पटाशीने टोकरून काढलं. मग नेढ्याची आतली कड कानशीने घासली, म्हणजे ती दांड्याला कापणार नाही.

तिसरं काम दांड्याचा खांदा. नेढ्यात जाणारा भाग बारीक आणि त्याच्याखाली दांडा हळूहळू जाड होत गेलेला, हा जो उतार असतो, त्याला मिस्त्री दांड्याचा खांदा म्हणाले. पातं त्या खांद्यावर बसतं. इतकी वर्षं खांदा कॉलनीत राहून कुऱ्हाडीलाही खांदा असतो, हे मला माहीत नव्हतं. दांडा वाकसाने थोडा तासायचा, नेढ्यात घालून बघायचा, काढायचा. जिथे लोखंडाचा काळा डाग लागला असेल, तेवढंच लाकूड कानशीने घासायचं, पुन्हा घालायचं. असं पंधरा-वीस वेळा. घाई केली आणि एकदा जास्त निघालं, की ते परत लावता येत नाही.

आता सगळ्यात गंमतीचा भाग. पातं खांद्यापर्यंत चढवायचं कसं? मी पात्यावर हातोडी मारायला निघालो होतो. त्यांनी कुऱ्हाड उलटी केली. पातं खाली, दांडा वर, आणि सगळी हवेत अधांतरी धरलेली. मग दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी हातोड्याने ठोके द्यायला लागले. प्रत्येक ठोक्याला पातं दांड्यावर वर चढू लागलं. जड पातं जागचं हलायला तयार नसतं, दांडा मात्र ठोक्यासरशी त्याच्यातून पुढे सरकतो. खांदेश्वर स्टेशनात लोकलने जोरात ब्रेक लावला, की गाडी थांबते पण उभी माणसं पुढे जातात. तोच नियम. शाळेत जडत्व म्हणून पाठ केला होता, जिन्याखाली समजला.

तुम्ही रस्त्यावर टिकाव चालवणारे मजूर पाहिले असतील. काम थांबवून ते टिकावाच्या दांड्याचं वरचं टोक दगडावर आपटतात. टिकावाचा दांडा वरून घालतात आणि त्याचं वरचं टोक जाड असतं, म्हणून पातं त्याच्या बाहेर जाऊ शकत नाही. उलट प्रत्येक घावाला ते जास्त घट्ट बसतं. काम संपलं की दांड्याचं खालचं टोक आपटून तेच पातं सुटं करतात आणि पिशवीत घालून घरी नेतात. गावठी कुऱ्हाडीही काही ठिकाणी अशाच वरून दांडा घालायच्या असतात. माझी मात्र खालून दांडा घालायची. तिला घट्ट धरते ती एकच गोष्ट, पाचर.

कुणाच्या कामात पाचर मारली असं आपण म्हणतो, तेव्हा त्याचं काम अडवलं असा अर्थ असतो. कुऱ्हाडीत मात्र पाचरीशिवाय कामच होत नाही. दांड्याच्या वरच्या टोकाला, नेढ्याच्या लांबीच्या दिशेने, एक चीर पाडतात. तिची खोली नेढ्याच्या खोलीच्या साधारण दोन तृतीयांश. त्या चिरेत वाळलेल्या लाकडाची पाचर, नेढ्याच्या लांबीइतकी रुंद, हळूहळू ठोकायची. पाचर आत जाते तसं दांड्याचं टोक दोन्ही बाजूंनी फाकतं आणि नेढ्याला आतून दाबून बसतं. खाली खांदा, वर फाकलेलं टोक, मध्ये पातं. आता ते ना खाली सरकतं ना वर. दांड्याचं टोक नेढ्याच्या वर बोटाच्या अर्ध्या पेराइतकं ठेवायचं, साफ कापून टाकायचं नाही. तो फाकलेला भाग पात्याला निसटू देत नाही. ठोकताना मी कान देऊन ऐकत होतो. आधी आवाज पोकळ होता, मग भरीव होत गेला. एका ठोक्याला तो बदलला आणि मिस्त्री थांबले. ‘आता बास. अजून मारली तर दांडा फुटेल.’

शेवटी दांड्याला, विशेषतः वरच्या उघड्या टोकाला, जवसाचं तेल. रंगाच्या दुकानात मिळतं. ते लाकडात मुरून सुकतं आणि हवेतल्या ओलाव्याचं येणं-जाणं मंद करतं.

आणि हे सगळं कधी करायचं? मार्च ते मे, लाकूड सगळ्यात कोरडं असतं तेव्हा. आपल्या कोकणात वर्षाचे चार महिने हवा पाण्याने भरलेली असते. श्रावणात बसवलेला दांडा शिमग्यात सैल होतो. उन्हाळ्यात बसवलेला पावसात आणखी आवळतो. गावाकडे पेरणीआधी अवजारं सुताराकडे न्यायची पद्धत होती. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिलं, त्यात बलुतेदारीचं वर्णन आहे. सुतार आणि लोहार हे त्यातले मोठे मानकरी. वर्षभर अवजारं नीट ठेवायची आणि सुगीला धान्यातला वाटा घ्यायचा. त्या व्यवस्थेत अन्यायही होता, हे विसरायचं कारण नाही. पण अवजार मोडण्याआधी बघायचं असतं, ही जाण तिच्यात होती. माझ्या बाल्कनीत ती नव्हती.

कुऱ्हाड झाली. मनातली गोष्ट मात्र राहिली. आमच्या सोसायटीत एक वकील आहेत. संध्याकाळी खांदेश्वर तलावाच्या बाजूला फिरायला जाताना मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘त्या दिवशी काही झालं असतं तर?’ ते थांबले आणि म्हणाले, ‘गंमत सांगू? कायद्यात उदाहरणच तुमच्या कुऱ्हाडीचं आहे.’

मला थट्टा वाटली. पण ते खरं आहे. 1860 सालच्या भारतीय दंड संहितेचं कलम 80 अपघाताबद्दल होतं. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते कलम 18 झालं. कायदा बदलला, उदाहरण तेच राहिलं. एक माणूस कुऱ्हाडीने काम करतो आहे. पातं निसटतं आणि जवळ उभ्या असलेल्याचा जीव जातो. त्या माणसाने योग्य ती सावधगिरी घेण्यात कसूर केली नसेल, तर तो गुन्हा होत नाही. वकील म्हणाले, ‘सगळा खटला त्या एका अटीवर उभा असतो. सावधगिरी घेतली होती का?’

कारखान्यातले माझे एक जुने सहकारी बेने इस्रायल समाजातले आहेत. पनवेलमध्ये त्या समाजाचं बेथ एल हे जुनं सिनेगॉग आहे. त्यांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘अरे, हे तर आमच्या तोरामध्येही आहे.’ सिनेगॉगमध्ये तोराचे पाच ग्रंथ वर्षभरात क्रमाने वाचतात. पाचव्या ग्रंथात नियम आहे. एखादा माणूस शेजाऱ्याबरोबर रानात लाकडं तोडायला गेला, घाव घालताना लोखंड दांड्यावरून निसटून शेजाऱ्याला लागलं आणि तो मेला. मनात वैर नव्हतं, नकळत घडलं. अशा माणसाने आसऱ्यासाठी राखून ठेवलेल्या नगरात पळून जावं. सूड घेणाऱ्या नातलगाच्या हातून त्याचा जीव जाऊ नये, म्हणून ती सोय.

म्हणजे हजारो वर्षांपासून माणसाला हे ठाऊक आहे, की कुऱ्हाडीचं पातं सुटतं, आणि सुटलं की शेजारी उभा असलेला मरतो. हजारो वर्षांपासून नियम करणारे एकच विचारत आले आहेत. हे नकळत झालं का?

मी त्या रात्री फार वेळ जागा होतो. त्या मुलाच्या हातून जे झालं, ते नकळत झालं. त्याला कुऱ्हाड कधी धरायलाच मिळाली नव्हती. सैल पातं कसं ओळखायचं, हे त्याला कोण सांगणार? पण मी ती हलवून पाहिली होती. एकदा नाही, तीनदा. प्रत्येक वेळी तिने खडखड करून सांगितलं होतं. मी आवाज बंद करण्याचे उपाय केले, सैलपणा तसाच ठेवला. दोन हातांचं अंतर होतं म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे. ते अंतर माझ्या सावधगिरीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. त्या मुलाने होळीनंतर खाली येणं सोडलं होतं. त्याच्या आईवडिलांसमोर त्याला सांगितलं, ‘तुझी चूक नव्हती. ती सैल आहे हे मला माहीत होतं, तरी मी तुला दिली.’ तो काही बोलला नाही. त्याची आई म्हणाली, ‘काका, आठ दिवस हा धड जेवला नाहीये.’ मग खाली वॉचमनकडे गेलो. त्याला तेच सांगणं जास्त कठीण होतं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘साहेब, बरं झालं सांगितलंत.’ मुलगी दारात दप्तर भरत होती. यापेक्षा तो काही जास्त बोलला नाही, आणि त्याने बोलावं अशी माझी लायकीही नव्हती.

श्रोतेहो, तुमच्या घरी कुऱ्हाड नसेल. पण हातोडी असेल, सोसायटीच्या बागेत कुदळ-फावडं असेल, गावाकडच्या घरी कोयता असेल. वापरण्याआधी चार गोष्टी बघा. दांडा एका हाताने धरून पातं दुसऱ्या हाताने हलवा. हललं किंवा वाजलं, तर ते अवजार त्या दिवशी वापरायचं नाही. वरून नेढ्यात बघा. पाचर वर आलेली असेल किंवा फट दिसत असेल, तर सुकलेली नवी पाचर लागेल. दांड्यावर बोट फिरवा. बारीकशी चीर लागली, तरी दांडा बदला, चिकटपट्टी गुंडाळू नका. आणि काम सुरू करण्याआधी घावाच्या रेषेत समोर आणि मागे कोणी उभं नाही ना, हे बघा. मुलं असतील तर त्यांना घरात पाठवा. आणि कोणी उसनं मागायला आलं, तर हातात देण्याआधी हेच सगळं पुन्हा करा. आपण वापरतो तेव्हा निदान आपल्याला खोड माहीत असते. घेऊन जाणाऱ्याला ती माहीत नसते.

माझी कुऱ्हाड आता बाल्कनीत नाही, आत कपाटामागे असते, उन्हा-पावसापासून लांब. दरवर्षी मे महिन्यात तिला तेल लावतो. खंडेनवमीला तिची पूजा होते, त्याआधी पाचर तपासतो.

गेल्या होळीला तो मुलगा पुन्हा आला. आता नोकरीला लागला आहे. मी कुऱ्हाड काढून दिली. ती त्याने लगेच खांद्यावर टाकली नाही. कानाजवळ नेऊन हलवली, वरून पाचरीकडे पाहिलं, दांड्यावरून अंगठा फिरवला. मग खाली जाऊन, पंपरूमच्या पायरीवर बसलेल्या सगळ्या पोरांना त्याने आधी फाटकापलीकडे पाठवलं.